हसवून पोट भरतं का?

मंडळी, आमच्या खान्देशात रायरंद नावाची एक जमात दारोदार फिरायची. तिकडे देशावर ज्याला बहुरूपी म्हणतात तोच हा. कधी पोलिसाचा खाकी वेष, कधी आणखी काही. दारात येऊन खोटंखोटं दरडावायचं, नसलेल्या लग्नाचं आमंत्रण द्यायचं, मग त्या लग्नातल्या अशक्य पंगतीचं वर्णन करायचं, आणि घरच्या बाईला हसू फुटलं की हात पुढे करायचा. सुपातून पसाभर ज्वारी मिळायची. सरकारी अनुदान नाही, नाटक कंपनी नाही, की वर मालक नाही. हसवणं हाच धंदा, तोही पूर्ण वेळचा.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या चाललेला वाद. नात्यातल्या एका मुलाने (नाव लिहीत नाही, वाचणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत आहेच :-) ) पुण्यातली चांगली नोकरी सोडून विनोदी पॉडकास्ट करायचं ठरवलंय. तेही आपल्या लेवा बोलीत! सावद्याला ही बातमी केळीच्या भावापेक्षा वेगाने पसरली. "मले सांग, गप्पा मारायचे पैसे कोन देतं?" हा एका आजोबांचा प्रश्न. घरातल्यांनी तो हसण्यावारी नेला, पण मला तो अगदी मुद्द्याचा वाटला. खरंच, मराठीत हसवण्याचे पैसे कोणी, कसे दिले?

सुरुवात तमाशापासून करू. गण, गौळण, बतावणी, मग वग. यातली बतावणी म्हणजे सोंगाड्याचं राज्य. गावात शिरल्यावर पाटील कोण, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, यंदा पीक कसं आहे, हे विचारून घ्यायचं आणि रात्री त्याचीच फिरकी घ्यायची. लिहिलेलं फार थोडं, बाकी सगळं तोंडावर. आणि हा माणूस पूर्ण वेळ कलावंत! हंगाम दसऱ्यापासून चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत. जत्रेची सुपारी गावाने द्यायची, कनातीत खेळ असेल तर तिकीट लावायचं. पण पावसाळ्याचे महिने जायचे कसे? तर फडमालकाकडून उचल घेऊन. पुढच्या हंगामात ती फेडायची. म्हणजे कला स्वतंत्र, कलावंत मात्र बांधलेला. हे 'उचल' प्रकरण लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता पांढरपेशा विनोदाकडे या. आपण ज्यांना मराठी विनोदाचे बादशहा म्हणतो, त्यांच्या नोकऱ्या पाहिल्या की गंमत वाटते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकील होते, जळगाव जामोदला वकिली करायचे (ते बुलढाण्याकडचं जळगाव, आपलं नव्हे). द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी साठच्या दशकात एकत्र कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले आणि गावोगाव माणसं लोटली. पण मिरासदार प्राध्यापक, माडगूळकर पुणे आकाशवाणीवर, आणि शंकर पाटीलही आधी आकाशवाणी आणि मग पाठ्यपुस्तक मंडळात. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी करून गिनीज बुकापर्यंत पोचलेले लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. महिन्याच्या एक तारखेची सोय प्रत्येकाने लावून ठेवलेली. त्यांना नावं ठेवत नाहीये. उलट, एवढी अफाट लोकप्रियता असूनही पगार सोडवत नव्हता, यातच त्या काळचं सगळं गणित आलं.

नोकरी सोडून उडी मारणारे दोघे चटकन आठवतात. पहिले पु. ल. आकाशवाणी झाली, १९५९ साली दिल्लीत सुरू झालेलं दूरदर्शन झालं, आणि मग सरकारी नोकरीबाहेर पडून १९६१ साली 'बटाट्याची चाळ' चे एकपात्री प्रयोग. रंगमंचावर एक माणूस आणि समोर हाऊसफुल्ल थिएटर. पण त्या 'एकपात्री' च्या मागे दुसरं पात्र होतं, सुनीताबाई. प्रयोगाची व्यवस्था, हिशेब, शिस्त, सगळं त्यांच्याकडे. एकट्याने चालवलेला धंदा सहसा एकट्याचा नसतो, हे त्या घराने दाखवून दिलं.

दुसरे दादा कोंडके. सेवादलाच्या कलापथकातून आलेले, अपना बाजारमध्ये नोकरी केलेले. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. १९७१ साली त्यांनी 'सोंगाड्या' हा सिनेमा स्वतः काढला. नाव बघा, तोच आपला बतावणीवाला! पण सिनेमा स्वतःचा असला तरी थिएटर स्वतःचं नव्हतं. दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि मग लागला, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. माल तुमचा, दार मात्र दुसऱ्याच्या हातात!

हे दार मोडलं कोणी? आमच्या शेजारच्या मालेगावने. (जिल्हा नाशिक, पण वारं खान्देशचं.) शेख नासिर या व्हिडिओ पार्लरवाल्याने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागावर राबणारी मंडळी नट, क्रेनच्या जागी बैलगाडी, आणि दाखवायला आपलंच पार्लर. मुंबईला विचारलंच नाही. तो खटाटोप २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने जगाला कळला आणि २०२५ साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' म्हणून चक्क मोठ्या पडद्यावर आला. पण त्यात सुपरमॅन झालेला शफिक शेख हा यंत्रमाग कामगार तोंडाच्या कॅन्सरने २०११ सालीच गेला होता. कौतुक आलं, पण फार उशिरा, आणि कौतुकाने चूल पेटत नाही. पुढे त्याच मातीतले छोटू दादा, म्हणजे शफिक नाट्या, यूट्यूबवर कोट्यवधी लोकांनी पाहिले. तिकडे पुणे-मुंबईत २०१६ साली सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 'भाडिपा' सुरू केलं आणि मराठी विनोद इंटरनेटवर धंदा म्हणून उभा राहू शकतो हे दाखवलं.

आता पॉडकास्ट. हा शब्दच मुळी २००४ चा, 'द गार्डियन' मध्ये बेन हॅमर्स्ली यांनी लिहिलेला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी रिकी जर्व्हेसचा विनोदी कार्यक्रम आला. पण आमच्या मुलाचं दैवत म्हणजे मार्क मॅरन. रेडिओची नोकरी गेलेला, चाळिशी उलटलेला, घटस्फोट झालेला विनोदवीर. सप्टेंबर २००९ मध्ये त्याने 'डब्ल्यूटीएफ' सुरू केलं आणि ते घराच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड करायला लागला. २०१५ साली त्याच गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा येऊन बसले! ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने स्वतःहून कार्यक्रम थांबवला. सोळा वर्षं, कोणाला न विचारता.

हे ऐकायला छान वाटतं. पण दोन फरक मला दिसतात, आणि ते त्या मुलालाही मी सांगितले.

एक. पु. लं.नी एकच चाळ शेकडो वेळा सादर केली. दर प्रयोगाला माणसं नवी, मजकूर तोच, आणि तो घासूनघासून लखलखीत होत गेला. पॉडकास्टचं उलटं आहे. माणसं तीच आणि दर आठवड्याला मजकूर नवा. वर्षाला ५२ भाग! तासाभराच्या गप्पांमागे लिहिणं, कापाकापी, आवाज नीट करणं यात दिवस जातात. म्हणजे हा मुलगा पु. लं.चा नव्हे, सोंगाड्याचा वारस आहे. रोज नवी बतावणी.

दोन. रायरंदाला पसाभर ज्वारी ऐकणारीच द्यायची. तमाशाला तिकीट होतं. पॉडकास्ट मात्र फुकट. पैसे देतो जाहिरातदार, आणि तो आधी विचारतो, "ऐकतात किती?" लेवा बोलीत त्याचं समाधान होईल असा आकडा कुठून आणायचा? मग प्रायोजकाकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि त्याच्या मर्जीने विनोद करायचा. ओळखलंत ना? ही तीच उचल!

यावर एक वाट आहे. केव्हिन केली नावाच्या लेखकाने २००८ साली मांडलं की कलावंताला लाखो चाहते लागत नाहीत, एक हजार पक्के पुरेत. आपल्या हिशेबात बसवू. सावदा, फैजपूर, यावल, रावेर, आणि इथून पुणे, सुरत, अमेरिका गाठलेली आपली माणसं. यातल्या पाचशेंनी महिन्याला शंभर रुपये दिले तर झाले पन्नास हजार. दरमहा, उचल न घेता. लग्नात आपण पाकिटात याहून जास्त घालतो.

मला यात पैशापेक्षा मोठी गोष्ट दिसते. आजवर नाटक-सिनेमात आपली बोली आली की बहुतेक वेळा गड्याच्या तोंडी आली, लोकांनी हसावं म्हणून. बहिणाबाईंनी तिच्यात काव्य आणि शहाणपण दोन्ही आहे हे दाखवलं त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेली. पण 'मले-तुले' करणाऱ्याने स्वतः माइक हातात धरून जगाची फिरकी घ्यावी, आणि त्यावर त्याचं घर चालावं, हे अजून व्हायचंय. आपल्या पोरांना ही बोली घरात बोलायची लाज वाटते. ती लाज व्याकरणाच्या पुस्तकाने जाणार नाही, गेली तर हसण्यानेच जाईल.

तेव्हा नातेवाईकांनो, "हसवून पोट भरतं का?" हे त्या पोराला विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर त्याच्याकडे कधीच नव्हतं. रायरंद दारात उभा राहिला की सूप घरातूनच बाहेर यायचं.