बुलेटची प्रायमरी चेन: घरी कशी तपासायची आणि कशी ताणायची

‘चेन टाईट केली तरी खडखड जात नाही’ ही जुन्या बुलेटवाल्यांची नेहमीची तक्रार. बऱ्याचदा झालेलं असं असतं की ताणलेली असते मागच्या चाकाची चेन आणि वाजत असते दुसरीच. जुन्या बुलेटमध्ये दोन चेन असतात. एक गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत जाते, ती सगळ्यांना दिसते. दुसरी इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेते. ती डाव्या बाजूच्या मोठ्या लांबट कव्हरच्या आत, ऑईलमध्ये चालते. हीच प्रायमरी चेन.

धाराशिवकडच्या काळ्या मातीची धूळ, उसाच्या हंगामातला रस्त्यावरचा चिखल, खडी हे सगळं मागच्या चेनला खातं. प्रायमरी चेन बंद पेटीत असते, तिला धूळ लागत नाही. तिला मारतात ते दोन प्रकार: कमी ऑईल आणि हिसके. येडशीचा किंवा तुळजापूरचा घाट डबलसीट चढताना गाडी टॉप गिअरमध्येच ठेवून ‘धग धग’ ऐकत राहणं कानाला छान वाटतं, पण त्या प्रत्येक धक्क्याचा हिसका आधी याच चेनला बसतो.

आता कुठल्या गाडीला हे लागू आहे ते बघू. एन्फिल्ड इंडिया कंपनी १९५५ मध्ये मद्रासमध्ये सुरू झाली. तेव्हापासून पुढची अनेक दशकं बुलेटचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते. त्या कास्ट आयर्न गाड्यांसाठी हा लेख आहे. २००९ च्या सुमारास आलेल्या क्लासिकपासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात आले, त्या गाड्यांना खालची पद्धत लावू नका. म्हैसूरच्या येझदीतही प्रायमरी चेन असते, पण तिला ताणायची सोयच नाही. झिजली की बदलायची. आणि स्प्लेंडरवाल्यांनी निवांत राहावं, तुमच्याकडे ते काम गिअर करतात. जुन्या बुलेटला सेल्फ स्टार्ट असेल तर कव्हरच्या आत जास्तीचे भाग असतात. ती पेटी पहिल्यांदा उघडताना मिस्त्री शेजारी असलेला बरा.

तपासायला कव्हर काढावं लागत नाही. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. इंजिन थंड, चावी बंद, प्लगची कॅप काढलेली. कव्हरवर वरच्या बाजूला जे बूच आहे ते उघडा. आत चेनची वरची बाजू दिसते. बोटाने किंवा वाकवलेल्या तारेने ती खालीवर हलवा. एकूण हालचाल साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच हवी. मग किक हळूहळू दाबून चेन थोडी पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. असं पाच-सहा ठिकाणी करा. किक दाबताना बोट आत नको आणि इंजिन चालू ठेवून तर अजिबात बघायचं नाही. या चेनमध्ये सापडलेलं बोट शाबूत बाहेर येत नाही.

हे पाच-सहा ठिकाणी मोजणं बरेच जण टाळतात आणि खरा घोळ तिथेच होतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ढिली, दुसऱ्या जागी ताठ असते. ६ मिलिमीटरचा हिशेब सर्वांत ताठ जागेवर धरायचा. ढिल्या जागेवर धरून ताणली तर ताठ जागा आली की चेन तारेसारखी ओढली जाते आणि तो ताण क्रँकच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. ढिली चेन आवाज करते, कव्हरला घासते, अगदीच दुर्लक्ष केलं तर तुटून पेटी फोडते. जास्त ताठ चेन मात्र गुपचूप नुकसान करते, आवाज येतो तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं. म्हणून शंका असेल तर किंचित ढिली बरी. दोन जागांमधला फरक फार मोठा असेल तर ताणून उपयोग नाही, नवी चेन घ्या.

ढिली निघाली तर कव्हर उघडा. डाव्या बाजूचं फूटरेस्ट काढा. जुन्या, उजव्या पायाने गिअर टाकायच्या गाडीत डाव्या बाजूला ब्रेकचं पायडल असतं, तेही बाजूला करा. खाली पसरट ताट ठेवा, कारण सगळं ऑईल तिथेच येणार. कव्हरच्या मधोमध एकच मोठा नट आहे, तो सोडा. कव्हर चिकटलं असेल तर लाकडी हातोडीने हलकेच ठोका. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे एकदा खरवडलं की गळती कायमची मागे लागते.

आत चेनच्या खालच्या बाजूला एक वाकडी पट्टी दिसेल. इंजिन चेन वरच्या बाजूने ओढतं, ढील खाली साठते, म्हणून पट्टी खाली. तिच्या बोल्टचा लॉकनट सैल करा, बोल्ट थोडासा फिरवा, पट्टी वर सरकते का बघा. वरच्या बाजूला पुन्हा मोजा. लॉकनट आवळल्यावर परत एकदा मोजा, कारण आवळताना बोल्ट हमखास जरा फिरतो. उघडलंच आहे तर पट्टीवर खोल चर पडलेत का आणि ताटातल्या ऑईलमध्ये चमकणारी पूड किंवा तुकडे आहेत का, तेही पाहून घ्या. तुकडे दिसले तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा.

बसवताना कव्हरची रबरी रिंग खाचेत नीट बसली पाहिजे. कडक झालेली असेल तर नवीन टाका. नट ताकद लावून आवळला की गळती थांबते हा गैरसमज आहे. कव्हर दबतं आणि गळती वाढते. मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ऑईल भरा. कव्हरवर खाली लेव्हलचा स्क्रू आहे, तो काढून ठेवा आणि तिथून ऑईल यायला लागलं की भरणं थांबवा. क्लचही याच ऑईलमध्ये असतो, त्यामुळे कारसाठीचं ‘जास्त गुळगुळीत’ ऑईल टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

एक फरक लक्षात ठेवा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्रायमरी चेन ताणायला अख्खा गिअरबॉक्स मागे सरकवत, मग मागची चेनही नव्याने लावावी लागे. बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाला पक्का बसवलेला असतो, त्यामुळे पट्टी हलवली तरी मागच्या चेनला धक्का लागत नाही. तिची ढील वेगळी मोजायची, ती साधारण २५ ते ३० मिलिमीटर.

फूटरेस्ट आणि ब्रेक पायडल घट्ट झालेत ना, ब्रेक नीट लागतो ना, हे जागेवरच तपासा आणि मगच किक मारा. पहिली चक्कर गल्लीतच मारा, परत आल्यावर कव्हरखाली कागद ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर रिंग पुन्हा बघावी लागेल.