जैविक लय आणि डोळ्याचे अंधारानुकूलन
सजीवांच्या झोप, तापमान, संप्रेरके यांत सुमारे २४ तासांनी येणारी आवर्तने म्हणजे दैनिक जैविक लय. माणसाचे हे अंतर्गत घड्याळ मेंदूच्या अधोथॅलॅमसमध्ये असते. ते रोज जुळवतो डोळा, आणि तोही पाहण्याच्या पेशींखेरीज दृष्टिपटलातल्या मेलॅनोप्सिनयुक्त पेशींद्वारे. निळसर उजेडाला त्या विशेष संवेदनशील असतात. रात्री प्रखर प्रकाश पडला की झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव घटतो.

अंधाराला सरावण्याचे काम निराळे. जळगावहून पहूरमार्गे अजिंठ्याला गेलेला प्रवासी उन्हातून लेण्यात शिरला की आधी काहीच दिसत नाही. उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी ५-१० मिनिटांत सरावतात; अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य पुरते भरून यायला अर्धा तास लागतो. मार्गदर्शकाच्या घाईत एवढा वेळ कुणाला मिळतो!

खानदेशात कृषिपंपांची थ्री फेज वीज पाळीने रात्रीही येते. केळीला पाणी भरताना स्टार्टरवर बॅटरीचा पांढरा झोत टाकला की नंतर वाफ्याचा बांध दिसेनासा होतो. तांबड्या उजेडाने दंडपेशी फारशा दिपत नाहीत. शिवाय विजेची पाळी दर आठवड्याला फिरली, तर रात्री जागणाऱ्या शेतकऱ्याचे अंतर्गत घड्याळ नीट जुळतच नाही.

या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. त्यांचे प्रयोग फळमाशीवर झाले होते.