रक्तबिंबाणूंच्या जीवनक्षमतेच्या प्रयोगशालेय कसोट्या : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रक्तस्राव थांबविण्यात बिंबाणूंचा, म्हणजेच प्लेटलेटचा, वाटा महत्त्वाचा असतो, हे इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखविले. पुढे बिंबाणू वेगळे करून साठविणे शक्य झाले, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला : पिशवीतील बिंबाणू रुग्णाच्या शरीरात टिकतील व उपयोगी पडतील की नाही, हे आधी कसे ओळखावे?

कसोट्यांचा विकास :
गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये लंडन येथे प्रकाशमापनाची पद्धत मांडली. बिंबाणूयुक्त रक्तद्रवात एडीपी मिसळले असता बिंबाणू एकमेकांना चिकटतात आणि द्रवातून अधिक प्रकाश आरपार जातो. यामुळे बिंबाणूंची कार्यशक्ती मोजता आली; त्यांचे आयुष्य मात्र नव्हे. त्यासाठी क्रोमियम-५१ या किरणोत्सर्गी खुणेचा आधार घेण्यात आला. खूण केलेले बिंबाणू शरीरात परत सोडून ते किती दिवस अभिसरणात राहतात, हे पाहिले जाई.

याच पद्धतीने स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी १९६९ मध्ये प्रचलित समजुतीला धक्का दिला. तांबड्या पेशींप्रमाणे ४ अंश सेल्सिअसला ठेवलेले बिंबाणू शरीरातून लवकर नाहीसे होत. २२ अंशांना ठेवलेले मात्र अधिक काळ टिकत. थंडीने बिंबाणूंचा चकतीसारखा आकार जाऊन ते गोलाकार होतात. त्यामुळे आकार हाच एक निकष ठरला. पिशवी उजेडात हळूच हलविली असता आत चमकदार भोवरे दिसले, तर चकत्या शाबूत आहेत असे मानले जाते. आम्लता आणि अल्पक्षारी द्रवातील फुगवट्यातून सावरण्याची क्षमता यांचीही तपासणी होऊ लागली.

कसोट्यांच्या मर्यादा :
अमेरिकेत १९८४ मध्ये साठवणुकीची मुदत ७ दिवस करण्यात आली. परंतु जिवाणूंच्या संसर्गामुळे १९८६ मध्ये ती पुन्हा ५ दिवसांवर आणावी लागली. बिंबाणू जिवंत असणे आणि पिशवी निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

समारोप :
२०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने, नेहमीचे बिंबाणू उपलब्ध नसल्यास वा वापरणे व्यवहार्य नसल्यास, चालू रक्तस्रावासाठी १४ दिवसांपर्यंत थंड ठेवलेले बिंबाणू वापरण्यास वाट मोकळी केली. त्यांचे आयुष्य अल्प असले, तरी रक्तस्राव त्वरित थांबविणे हेच तेथे उद्दिष्ट असते. यावरून, कोणत्या रुग्णासाठी आणि कोणत्या कार्यासाठी, हे ठरविल्याशिवाय जीवनक्षमतेच्या कसोटीला पूर्ण अर्थ येत नाही, असा निष्कर्ष निघतो.