फटीपासून तंतूपर्यंत : लोहमार्गातील प्रतिबल-मापनाचा इतिहास (हिंगोली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावातून रेल्वे जात नाही. तेथील प्रवाशाला हिंगोली स्थानक गाठावे लागते. या स्थानकावरून जाणाऱ्या पूर्णा–अकोला मार्गाचा इतिहास बहुधा राजकीय व आर्थिक अंगाने मांडला जातो. रुळाच्या पोलादात निर्माण होणारे प्रतिबल, म्हणजेच अंतर्गत ताण, कोणी व कशाच्या आधारे ओळखले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

फटीचा काळ :
निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेचा पूर्णा–हिंगोली हा मीटरगेज मार्ग १९१२ मध्ये सुरू झाला. त्या काळी रुळांचे तुकडे फिशप्लेटने जोडत आणि दोन तुकड्यांमध्ये फट ठेवीत. तापमान ४० अंश सेल्सियसने वाढले तर १३ मीटर लांबीचा मोकळा रूळ सुमारे ६ मिलीमीटरने वाढतो. ही वाढ फटीत सामावत असे. उन्हाळ्यात फट मिटली की धोका जवळ आल्याचे गँगमनला डोळ्यांनी दिसे. फट हे केवळ प्रसरणाचे साधन नव्हते. रुळाच्या अवस्थेचा तो उघडा पुरावा होता. या पुराव्याचे वाचन गँगमन आणि मुकादम यांच्या अनुभवावर अवलंबून होते. लेखी इतिहासात त्यांची नोंद क्वचितच आढळते.

पुरावा नाहीसा होतो :
पूर्णा–अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ मध्ये पूर्ण झाले. आधुनिक ब्रॉडगेज मार्गावर रूळ जोडून सलग लांब केले जातात. त्यामुळे सांध्यांवरील धक्के व झीज कमी होते, प्रवास सुखकर होतो आणि देखभालीचा खर्च घटतो. परंतु स्लीपर व खडी यांनी जखडलेल्या रुळाला लांबी वाढविण्यास वाव उरत नाही. ६० किलो वर्गाच्या एका रुळात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.९ टन बल साचते. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त असतो त्याहून ३० अंशांनी तापल्यास हे बल ५७ टनांच्या घरात जाते. खडीची पकड ढिली असेल तर मार्ग अचानक बाजूला वाकतो; थंडीत याउलट रूळ तुटण्याचा संभव असतो.

रूळ ताणमुक्त करून बसविताना त्याचे तापमान नोंदवहीत लिहिले जाते. तथापि रुळाची सरक, दुरुस्तीसाठी घेतलेले छेद व खडीची हालचाल यांमुळे ते प्रत्यक्षात बदलत जाते. नोंद आणि वास्तव यांतील हे अंतर डोळ्यांना दिसत नाही.

तंतूचा मार्ग :
हे अंतर ओळखण्यास उपयोगी पडणाऱ्या साधनांपैकी एकाचा उगम दूरच्या क्षेत्रात आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयी संशोधन प्रसिद्ध केले. दूरसंचारासाठी असा तंतू वापरता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखविले. १९७८ मध्ये कॅनडातील केनेथ हिल यांच्या गटाला तंतूच्या गाभ्यात प्रकाशाच्या साहाय्याने ब्रॅग जालक उमटविता येते, असे आढळले. हे जालक विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश परत फिरविते. तंतू ताणला गेला किंवा तापला की ही तरंगलांबी सरकते आणि त्या सरकण्यावरून मोजमाप करता येते. विद्युतप्रवाह नसल्याने विद्युतीकृत मार्गावरही हे साधन निर्वेध चालते. हाँगकाँगच्या रेल्वेवर तेथील पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकापासून असे संवेदक वापरले.

मापनातील पेच :
येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. पूर्ण जखडलेला रूळ तापला तरी त्याची लांबी बदलत नाही. म्हणून लांबीच्या दिशेने चिकटविलेल्या संवेदकाला प्रतिबल थेट कळत नाही. मात्र लांबीत अडलेले पोलाद उंचीच्या दिशेने मोकळ्या रुळापेक्षा अधिक फुगते. दोन्ही दिशांची मापने व तापमान एकत्र घेतल्यास प्रतिबलातील बदल काढता येतो. तरीही हा बदल कोणत्या मूळ अवस्थेपासून मोजावयाचा, हे ठरविण्यासाठी रूळ एकदा ताणमुक्त करून घ्यावा लागतो. आणि ते काम मार्गावरील माणसांच्याच हातून होते.

निष्कर्ष :
सलग रुळाने मार्ग सुरक्षित व वेगवान केला. त्याच वेळी ताणाचा उघडा पुरावा नाहीसा केला. तंतू-संवेदक हा पुरावा पुन्हा दृश्य करतो. म्हणून त्याकडे गँगमनचा पर्याय म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच्या नजरेपुढून गेलेली फट त्याला परत मिळवून देणारे साधन, असे त्याचे स्थान आहे. संवेदकाची सूचना मिळाल्यावर भर दुपारी रुळावर जावे लागते ते त्यालाच. मराठवाड्याच्या रेल्वे-इतिहासात मार्गांच्या मंजुरीबरोबरच या श्रमिक ज्ञानाची नोंद होणे अगत्याचे आहे. जुन्या मीटरगेजवर काम केलेले कामगार हयात आहेत तोवर त्यांच्या मौखिक साक्षी नोंदविण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घ्यावे.