थेंबभर लाळेचा इतिहास

अवसरी बुद्रुकमधल्या एखाद्या घरी, वाकडे दात सरळ करण्यासाठी मुलीच्या दातावर बसविलेले इवलेसे ब्रॅकेट ऐन दिवाळीत निखळले, की सारा दोष चकलीला मिळतो. पुण्याची खेप वाढते, उपचार लांबतो. चकली कडक असते हे खरे. पण कित्येकदा खरी गुन्हेगार असते ती ब्रॅकेट चिकटविताना मध्येच आलेली लाळ!

पूर्वी दाताभोवती धातूचे कडेच सिमेंटने बसवीत. पुढे अमेरिकेत रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी एक गोष्ट हेरली. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक आम्ल लावीत. तेच त्यांनी दाताच्या एनॅमलला अर्धा मिनिट लावून पाहिले, आणि १९५५ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. आम्लाने एनॅमलवर सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत कृत्रिम राळ शिरते आणि घट्ट होऊन रुतून बसते. १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी ब्रॅकेट थेट दातावर चिकटविण्याची रीत मांडली. दात सरळ करणाऱ्या आपल्या तज्ज्ञांची भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटीही त्याच सालची.

पण ओशट भांड्यावर कल्हई धरते का? लाळेतील प्रथिने काही सेकंदांतच ती छिद्रे झाकून टाकतात, आणि पाण्याशी वैर असलेली राळ आत शिरतच नाही. म्हणून डॉक्टर गालात कापसाचे बोळे ठेवतात, हवेच्या झोताने दात वाळवितात; लाळ लागलीच तर पुन्हा आम्ल लावतात. ओल सोसणारी द्रव्येही पुढे निघाली. कापसाचे बोळे मात्र काही सुटलेले नाहीत.