पाददाबमापक
पाददाबमापक : उभे असताना वा चालताना तळपायाच्या निरनिराळ्या भागांवर पडणारा दाब दर्शविणारे अथवा मोजणारे साधन. वजनकाट्यावर शरीराचा एकूण भार समजतो. तो टाच, चवडा व बोटे यांवर कसा विभागला जातो, हे समजत नाही. निरोगी पायाच्या एखाद्या भागावर फार वेळ दाब पडल्यास तो दुखू लागतो व माणूस नकळत चाल बदलतो. कुष्ठरोग व मधुमेह यांत तंत्रिकांना इजा होऊन ही वेदनाच नाहीशी होते. मग तोच भाग पुनःपुन्हा दाबला जाऊन तेथे व्रण होतो आणि संक्रामण हाडापर्यंत गेल्यास पाय कापण्याची वेळ येते. अशा रुग्णाच्या बाबतीत पाददाबमापक हे हरपलेल्या वेदनेचे काम करते. असे अनेक रुग्ण गरीब असल्यामुळे साधनाची किंमत हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

एत्येन झ्यूल मारे (१८३०–१९०४) या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी व त्यांचे सहकारी कार्ले यांनी १८७२-७३ च्या सुमारास जोड्याच्या तळव्यात हवेच्या पोकळ्या बसविल्या. त्यांतील हवेचा दाब रबरी नळीने नोंदयंत्राकडे नेल्यामुळे पाऊल टेकण्याचा व उचलण्याचा क्षण नोंदता आला. बीली या जर्मन वैद्यांनी १८८२ मध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरलेल्या पातळ पिशवीवर माणसास उभे करून ठसा घेतला. ठसा जेथे खोल तेथे भार अधिक, असे त्यांचे अनुमान होते. परंतु ठशाच्या खोलीवर पावलाच्या आकाराचाही परिणाम होत असल्याने ही पद्धत ढोबळच राहिली. हर्बर्ट एल्फ्टमन या अमेरिकन संशोधकांनी १९३४ मध्ये लहान मनोऱ्यांसारखे उंचवटे असलेली रबरी चटई काचेवर उपडी ठेवली. दाबाने उंचवट्यांची टोके पसरत व काचेखालून त्यांचे चलच्चित्रण होई. त्यामुळे चालीतील दाबाचे बदल प्रथमच पाहता आले.

सर्वांत स्वस्त व दीर्घकाळ टिकलेले साधन म्हणजे हॅरिस चटई. कॅनडाच्या सैन्यातील पायांच्या पाहणीच्या निमित्ताने हॅरिस व बीथ यांनी १९४७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या रबरी चटईवर कमीअधिक उंचीच्या कडांचे चौकोन असतात. तिला शाई लावून वर कागद ठेवतात. हलक्या दाबाने केवळ उंच कडा उमटतात, तर दाब वाढेल तसतशा बुटक्या कडाही उमटून ठसा गडद होतो. विजेची गरज नसल्यामुळे ती लहान चिकित्सालयातही वापरता येते. मात्र तिच्यावरून दाबाचा नेमका आकडा मिळत नाही.

पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना तळव्यावरील व्रण मुख्यतः संवेदनाहीन पायाला वारंवार होणाऱ्या इजेमुळे होतात, हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे त्यांनी रंगद्रव्याच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरले (१९६९). दाबाने कुप्या फुटून रंग पालटे व जोडा कोठे बोचतो, हे रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे.

शेफील्ड (इंग्लंड) येथे १९७०–८० या दशकात काचेतील प्रकाशाच्या संपूर्ण अंतर्गत परावर्तनावर आधारित साधन विकसित झाले. जर्मनीत निकोल व हेनिग यांनी १९७६ मध्ये विद्युत् धारित्रावर चालणारी चटई वर्णिली. पुढे जोड्याच्या आत ठेवता येणारे पातळ संवेदक बाजारात आले. या साधनांमुळे आकडे मिळू लागले; पण ती महाग होती.

अलीकडे कार्बनमिश्रित प्लॅस्टिकच्या पातळ पटलामुळे खर्च बराच कमी झाला आहे. मूलतः इलेक्ट्रॉनीय भागांच्या वेष्टनासाठी वापरले जाणारे हे पटल दाबले असता त्याचा विद्युत् रोध घटतो. त्याच्या एका बाजूस १६ आडव्या व दुसऱ्या बाजूस १६ उभ्या वाहक पट्ट्या लावल्यास केवळ ३२ तारांनी २५६ ठिकाणचा दाब वाचता येतो. वाचनाचे काम स्वस्त सूक्ष्मनियंत्रक करतो. तथापि शेजारच्या पट्ट्यांतून भरकटणाऱ्या प्रवाहामुळे चुकीची वाचने मिळू शकतात. भार काढल्यावर रोध लगेच पूर्ववत होत नाही आणि तपमान व घाम यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून ज्ञात वजने ठेवून साधन वरचेवर पडताळावे लागते.

मधुमेही रुग्णाच्या जोड्यातील कमाल दाब सु. २०० किलोपास्कलपेक्षा (दर चौ. सेंमी.ला सु. २ किग्रॅ.) कमी ठेवावा, असे सांगितले जाते. ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे पडताळून न पाहिलेल्या स्वस्त साधनावरून ठरविणे धोक्याचे होय. कारण त्याने दिलेला चुकीचा आकडा खोडून काढण्यास रुग्णाची स्वतःची वेदना उपलब्ध नसते. दाब कोठे अधिक आहे, एवढेच जाणून जोडा दुरुस्त करावयाचा असल्यास मात्र शाईची चटई आजही उपयुक्त आहे.