सनफ्लॉवर नदीकाठचा बिनतिकिटाचा उत्सव

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, वायव्य भागात, सनफ्लॉवर नदीच्या काठी क्लार्क्सडेल हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती पंधरा हजारांच्याही आत भरली. या गावात १९८८ पासून ऑगस्ट महिन्यात ‘सनफ्लॉवर रिव्हर ब्लूज अँड गॉस्पेल फेस्टिव्हल’ भरतो आणि ऐकायला येणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. २०१२ साली, उत्सवाच्या पंचविसाव्या वर्षी, इंग्लंडचा गायक रॉबर्ट प्लांट याने या मंचावर हजेरी लावली. ‘लेड झेपेलिन’ या वाद्यवृंदामुळे जगभर नाव झालेला हा माणूस एवढ्याशा गावात, तेही विनामूल्य उत्सवात, का गायला हे समजून घ्यायचे तर क्लार्क्सडेलच्या संगीताचा शंभर वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधल्या सपाट, काळ्याभोर पूरमैदानाला तिकडे ‘डेल्टा’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली घनदाट जंगले तोडून, नदीला बांध घालून कापसाचे अफाट मळे उभे राहिले. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, पण कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वाट्याला आली ती अर्धेलीची शेती. जमीन, बियाणे, औजारे मळेवाल्याची. पिकाचा निम्मा वाटा त्याचा. वर्षभराचा किराणाही त्याच्याच दुकानातून उधारीवर. हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा आणि बहुतेक वेळा कुळाच्या नावावर बाकीच निघायची. वही मालकाच्या हातात, तक्रार कुणाकडे करणार? शेतात काम करताना घातलेल्या साद-पडसादांतून, चर्चमधल्या भजनांतून आणि या रोजच्या जगण्यातून ‘ब्लूज’ हे संगीत घडले.

डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला वादक १९०३ च्या सुमारास क्लार्क्सडेलला राहून तिथला वाद्यवृंद चालवत होता. जवळच्या टटवायलर स्थानकात गाडीची वाट पाहत असताना त्याने एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी दाबून, सूर ओढत गाताना ऐकले. पुढे हँडीने ही शैली कागदावर उतरवून छापली आणि ती शहरांत पोचली. त्या स्थानकावरच्या गवयाचे नाव मात्र इतिहासात राहिले नाही.

असे गवई सतत फिरतीवर असत. शनिवारी मजुरी हातात पडली की मळ्यांवरची माणसे क्लार्क्सडेलला येत. ६१ आणि ४९ क्रमांकाचे महामार्ग आणि लोहमार्ग इथे एकत्र येत असल्यामुळे वादकांनाही हे गाव सोयीचे होते. चौरस्त्यावर रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने सैतानाला आत्मा विकून गिटारविद्या मिळवली, ही दंतकथा पर्यटकांना फार आवडते. ती दंतकथाच आहे. ब्लूजला इथे आणले ते आठवड्याच्या पगाराने आणि आगगाडीने.

फिरत्या कलावंताला गाणे सोपे होते, मुक्काम अवघड. वंशभेदाच्या कायद्यांमुळे गोऱ्यांच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना खोली मिळत नसे. गावात त्यांच्यासाठी वेगळे इस्पितळ होते. ब्लूजची सम्राज्ञी म्हणून गाजलेली बेसी स्मिथ २६ सप्टेंबर १९३७ रोजी मोटार अपघातानंतर तिथेच वारली. १९४४ मध्ये त्याच इमारतीत एका कृष्णवर्णीय बाईंनी ‘रिव्हरसाइड हॉटेल’ सुरू केले आणि दौऱ्यावरच्या वादकांना हक्काचे छप्पर मिळाले. क्लार्क्सडेलमध्येच जन्मलेला वादक आयक टर्नर काही काळ इथे राहिला.

गावाबाहेरच्या स्टोव्हॉल मळ्यावर मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा तरुण ट्रॅक्टर चालवत असे. मडी वॉटर्स हे त्याचे दुसरे नाव. ऑगस्ट १९४१ मध्ये लोकसंगीत गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी त्याच्या झोपडीत यंत्र मांडून त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. या कामाचे श्रेय बहुधा एकट्या लोमॅक्सला दिले जाते, आणि तो वर्क यांच्यावर अन्याय आहे. तबकडीवर स्वतःचा आवाज ऐकल्यावर मडीला आपल्या गाण्याचा भरवसा वाटू लागला. १९४३ मध्ये त्याने क्लार्क्सडेलहून शिकागोची गाडी पकडली. पुढच्याच वर्षी जवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. चांगला वेचणारा माणूस तासाला वीसेक पौंड कापूस वेची. यंत्र हजार पौंडांपर्यंत जाई. डेल्टातल्या मजुरांची गरज सरू लागली. लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे गेले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे संगीतही.

शिकागोच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून मडीने विजेवरची गिटार हाती घेतली. तीच घेऊन तो १९५८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा ग्रामीण लोकगीतांच्या अपेक्षेने आलेले काही श्रोते त्या आवाजाने दचकले. पण तरुण पोरांना तोच आवाज हवा होता. १९६२ पासून ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ या नावाने ब्लूज गायकांचे दौरे युरोपभर निघू लागले. ‘रोलिंग स्टोन्स’ने तर आपले नावच मडीच्या गाण्यावरून घेतले. १९४८ मध्ये जन्मलेला प्लांट याच पिढीतला. त्याच्या वाद्यवृंदाने डेल्टाकडून भरभरून घेतले, आणि प्रत्येक वेळी मूळ रचनाकाराचे नाव लिहिले असेही नाही. मिसिसिपीतच जन्मलेल्या विली डिक्सन या ब्लूज गीतकाराने ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्यावरून १९८५ मध्ये दावा लावला. दोन वर्षांनी तो तडजोडीने मिटला.

इंग्लंडमध्ये या संगीतावर मोठमोठी मैदाने भरत होती तेव्हा क्लार्क्सडेलमध्ये ते न्हाव्याच्या दुकानात जिवंत होते. वेड वॉल्टन हा तिथला न्हावी उत्तम ब्लूज वाजवी. गिऱ्हाइकाची दाढी करण्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावताना तो असा ताल धरी की वस्तरा हेच वाद्य होई. १९६० मध्ये ब्लूजचे इंग्रज अभ्यासक पॉल ऑलिव्हर त्याला ऐकायला याच दुकानात आले होते. गावाला स्वतःच्या ठेव्याची संस्थात्मक जाग आली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. १९७९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाने ‘डेल्टा ब्लूज म्युझियम’ स्थापन केले. १९९९ मध्ये ते रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत गेले. मडीच्या झोपडीचे लाकडी ओंडके आता तिथे पाहायला मिळतात.

सनफ्लॉवर उत्सव स्थानिक स्वयंसेवकांनी उभा केला. खर्च देणग्यांतून, प्रायोजकांकडून आणि अनुदानांतून भागतो. तिकीट न ठेवण्यामागचे कारण गावाकडे पाहिले की कळते. डेल्टा हा अमेरिकेतल्या सर्वांत गरीब प्रदेशांपैकी एक आहे. तिकीट लावले असते तर परगावचे हौशी श्रोते आत आणि ज्यांच्या आजा-पणजांनी हे संगीत घडवले ती माणसे कुंपणाबाहेर, अशी स्थिती झाली असती. विनामूल्य प्रवेश हा या उत्सवाचा कणा आहे, आणि तो टिकवला यातच संयोजकांचे मोठेपण आहे. मंचावर पहिला मान डेल्टातल्या कलावंतांचा. बिग जॅक जॉन्सनसारखा वादक, जो एरवी तेलाची गाडी चालवून पोट भरी, इथे आपल्याच लोकांसमोर वाजवत असे. ब्लूजबरोबर गॉस्पेललाही स्वतंत्र जागा दिली जाते, कारण शनिवारी रात्री ब्लूज गाणारे आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये गाणारे गळे पुष्कळदा एकाच घरातले असत.

प्लांट २०१२ मध्ये आला तो ‘सेन्सेशनल स्पेस शिफ्टर्स’ या नव्या वाद्यवृंदासह. गाव त्याला नवे नव्हते. १९९८ मध्ये ‘लेड झेपेलिन’मधल्या जिमी पेजबरोबर काढलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातही क्लार्क्सडेल आहे. या नव्या वृंदात गांबियाचा जुल्देह कामारा ‘रिट्टी’ हे एकतारी वाद्य वाजवत होता. गुलामांच्या जहाजांतून ज्या पश्चिम आफ्रिकेची माणसे अमेरिकेत आणली गेली, तिथले वाद्य अशा रीतीने कापसाच्या प्रदेशात वाजले. प्लांटसाठीही तिकीट लावले गेले नाही.

उत्सव साधारणपणे ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास असतो. त्या दिवसांत डेल्टात उकाडा प्रचंड असतो. जाणाऱ्याने घडीची खुर्ची, टोपी आणि पाणी सोबत ठेवावे.